पुस्तकाच्या तोंडावर कोणाचं चित्र?

 

आज कर्जाबद्दल बोलायचं नाही, हप्त्याबद्दलही नाही. आज बोलायचं आहे पुस्तकाच्या मुखपृष्ठाबद्दल, म्हणजे पुस्तकाच्या वरच्या चित्राच्या पानाबद्दल. "आमचा न् पुस्तकाचा काय संबंध व?" असं कोणी म्हणेल. दोन वर्षांपूर्वी आम्हीही तेच म्हटलं असतं.

झालं असं. आमच्या ग्रामसंघानं ठराव केला की रानभाज्यांची एक पुस्तिका काढायची. तरोटा, कुड्याची फुलं, वास्ते, धोपा, मोहफुलं. कोणती भाजी कधी निघते, कशी निवडायची, कोणती दोन पाण्यांत उकडून पाणी टाकून द्यायची. म्हाताऱ्या बाया गेल्या की हे सगळं जाईल, ही भीती होती. रानभाजी महोत्सवात विकायलाही काही हवं होतं. मजकूर आम्हीच सांगितला, आम्हीच लिहिला. कव्हरचं काम मात्र शहरातल्या एका डिझायनरकडे दिलं. आठ दिवसांनी मोबाइलवर चित्र आलं.

चित्र सुंदर होतं, हे आधी सांगितलं पाहिजे. तपकिरी रंगावर पांढऱ्या रेघांची माणसं, दोन त्रिकोण जोडून केलेलं अंग, काडीसारखे हातपाय, गोल फेर धरून नाचणारी. बैठकीत मोबाइल हातोहात फिरला. कोणी "छान" म्हणालं, कोणी काहीच म्हणालं नाही. मग एक मावशी म्हणाली, "हे लोक कोणते व? आपल्यातले नाही दिसत."

खरंच ते आपल्यातले नव्हते. ते वारली चित्र होतं. वारली लोक पालघर, डहाणू, जव्हारकडचे, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, समुद्राच्या बाजूचे. त्यांच्याकडे लग्नाच्या वेळी बायाच भिंतीवर देवीचा चौक लिहायच्या. पुढं जिव्या सोमा मशे यांनी ती चित्रं भिंतीवरून कागदावर आणली, जगभर नेली, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मोठं काम आहे ते, त्याबद्दल आदरच आहे. पण आमच्या राजुरा-जिवतीच्या भागात गोंड आणि कोलाम राहतात. दिवाळीत दंडारी निघते, मोरपिसांचा टोप घालून घुसाडी नाचतो. आमच्या भाजीच्या पुस्तकावर डहाणूचा नाच का? शहरात "आदिवासी" म्हटलं की वारली, एवढंच ठाऊक असतं. उद्या कोणी कोकणातल्या बाईच्या पुस्तकावर नऊवारीतली नागपूरची बाई काढली तर चालेल का?

डिझायनर वाईट माणूस नव्हता. त्याला फोन केला तर म्हणाला, "ताई, तुमच्याकडचं चित्र कसं असतं ते मला कुठं दिसलंच नाही, पाठवा ना." त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. आमच्याकडचं चित्र भिंतीवर असतं, अंगणात असतं. पुढच्या सणाला सारवलं की जातं.

त्यावर तीच मावशी हळूच म्हणाली, "माही भिंत तं एकदा पुस्तकावर आली होती."

आम्ही सगळ्या तिच्याकडे पाहतच राहिलो. काही वर्षांपूर्वी तिच्या पाड्यावर पाहुणे आले होते. कार्यक्रम झाला, चहा झाला, तिच्या घराच्या भिंतीचे फोटो काढले. गेरूवर चुन्यानं काढलेले मोर होते. पुढं केव्हातरी एका बैठकीत टेबलावर एक गुळगुळीत पुस्तक ठेवलेलं तिला दिसलं, आणि त्याच्या तोंडावर तिचा मोर. तिनं तो ओळखला पायावरून. भिंतीत त्या जागी एक दगड बाहेर आलेला आहे, म्हणून मोराचा एक पाय तिनं आखूड काढला होता. पुस्तकाच्या आत फोटो काढणाऱ्याचं नाव होतं, छापणाऱ्याचं होतं, मांडणी करणाऱ्याचं होतं. मोर काढणारीचं नव्हतं. "मग तू काही बोलली नाही?" "काय बोलू? त्याहीनं काही चोरलं थोडीच. मोर तं भिंतीवरच होता."

ही कोणत्या पुस्तकाची गोष्ट, ते आम्ही सांगणार नाही. भांडण उकरायचं नाही. पण त्या दिवशी बैठकीत हिशेबाची वही बाजूला राहिली आणि या एकाच गोष्टीवर दोन तास गेले.

मुखपृष्ठ कोण काढतं, हा प्रश्न आपण विचारतच नाही. पुस्तक उघडून पाहा. पहिल्या एक-दोन पानांत, बारीक अक्षरात, किमतीच्या जवळपास "मुखपृष्ठ" असं लिहून पुढं एक नाव असतं. मराठीत या नावांची मोठी परंपरा आहे. दीनानाथ दलाल हे १९१६ साली गोव्यात जन्मलेले चित्रकार. मुंबईत राहून त्यांनी मराठी पुस्तकांची कितीतरी मुखपृष्ठं रंगवली, आणि १९४५ पासून 'दीपावली' हा दिवाळी अंक काढला. रघुवीर मुळगावकर हेही गोव्याचेच. घरोघरच्या कॅलेंडरवरचे त्यांचे देव आपल्या आजीनं पूजलेले आहेत. पुस्तकांची मुखपृष्ठंही त्यांनी खूप केली. वसंत सरवटे सिमेंट कंपनीत इंजिनिअर होते आणि नोकरी सांभाळून पु. ल. देशपांड्यांच्या पुस्तकांना चित्रं काढायचे. हे ऐकून आमच्या गटातल्या, ज्यांचे नवरे इथल्या सिमेंट कारखान्यात आहेत त्या बाया फार हसल्या. पद्मा सहस्रबुद्धे या बाईंनीही मराठी पुस्तकांची मुखपृष्ठं केली आहेत. आणि माधुरी पुरंदरे मुलांची पुस्तकं लिहितातही स्वतः आणि चित्रंही स्वतःच काढतात. त्यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्यांचं 'राधाचं घर' शाळेच्या पेटीत असेल तर पोरांकडून मागून घ्या.

एक मात्र मोकळेपणानं बोलतो. त्या जुन्या मुखपृष्ठांवर बाई पुष्कळ असायची, पण ती गोरी, बारीक कमरेची, डोळ्यांत काजळ घातलेली. डोक्यावर मोळी घेतलेली, पायात काटा मोडलेली बाई क्वचितच दिसायची. त्या चित्रकारांचा हात फार मोठा होता, पण त्यांच्यापुढं उभी राहणारी बाई आपण नव्हतो.

आता आपल्यासारख्या एका बाईचं सांगतो. दुर्गाबाई व्याम. मध्य प्रदेशातल्या परधान गोंड. लहानपणी आजीकडून त्या दिगना शिकल्या. दिगना म्हणजे सणाला, लग्नाला घराच्या भिंतीवर आणि जमिनीवर काढायची नक्षी. म्हणजे आपण सारवून झाल्यावर जे करतो तेच. त्यांनी आणि त्यांचे पती सुभाष व्याम यांनी मिळून 'भीमायन' नावाचं पुस्तक चित्रांनी भरलं. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातले, पाणी नाकारल्याचे, घर नाकारल्याचे प्रसंग. हे पुस्तक २०११ साली दिल्लीच्या नवयान प्रकाशनानं काढलं. चित्रकथेत साधारण चौकोनी चौकटी असतात आणि प्रत्येक चौकटीत एक चित्र. या दोघांनी सांगितलं की आमची माणसं आम्ही अशी डब्यात कोंडणार नाही. मग चौकटीच्या जागी दिगनाची नक्षी पानभर वळत गेली. पुस्तकात गोड बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात आहेत आणि ज्याच्या बोलण्यात विष आहे, त्याच्या शब्दांना विंचवाची नांगी आहे. आम्ही हे बैठकीत सांगितलं तेव्हा एक बाई म्हणाली, "माह्या सासूले तं दोन नांग्या लागतीन." असो.

महत्त्वाची गोष्ट अशी की पुस्तक लिहिणाऱ्यांच्या बरोबरीनं चित्र काढणाऱ्या दोघांची नावं आहेत. "एक आदिवासी महिला" असं नाही, "गोंड कला" असं नाही, दुर्गाबाई व्याम असं नाव. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता कायद्याचं थोडं. आम्ही वकील नाही, पण विचारून, वाचून घेतलं आहे. आपल्या देशात स्वामित्वहक्काचा म्हणजे कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा आहे. चित्र काढलं की हक्क तयार होतो, नोंदणी करावीच लागते असं नाही. अंगठा लावणाऱ्या बाईलाही तो हक्क तितकाच आहे. मोर कसा काढायचा ही रीत सगळ्यांची, पिढ्यान्‌पिढ्यांची, ती कोणा एकीची नाही. पण त्या भिंतीवरचा तो आखूड पायाचा मोर मावशीचा आहे. फोटो काढणाऱ्याचा हक्क त्याच्या फोटोवर. त्यानं मोर त्याचा होत नाही.

मात्र एक खाचखळगा आहे, तो नीट ऐका. कोणी तुम्हाला पैसे देऊन चित्र काढून घेतलं, आणि कागदावर वेगळं काही ठरवलं नाही, तर त्या चित्राचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो. म्हणून आधी बोलायचं आणि आधी लिहायचं. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच देता येतो. किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. आणि हक्क विकला तरी "हे मी काढलं" असं म्हणण्याचा अधिकार बाईकडेच राहतो. ते कलम आहे ५७ वं. सत्तावनचा कायदा, सत्तावनावं कलम, असं आमच्या पोरींनी पाठ केलं आहे.

आता आमच्या पुस्तिकेकडे येतो. ठरलं की कव्हर मावशीच काढणार. तिनं अट घातली की मोबाइलवर नाही, कागदावरही नाही, भिंतीवरच काढेन. मग घराच्या मागची भिंत सारवली, गेरू लावला, वाळल्यावर चुन्यानं कुड्याची फांदी, मोहाचं झाड आणि झाडाखाली टोपली घेऊन वाकलेल्या बाया. सकाळच्या उन्हात, सावली पडणार नाही अशा वेळी, फोटो काढला. डिझायनरनं अक्षरांची मांडणी केली. तिथून पुढं जे शिकलो ते कोणत्याही गटाला कामाचं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

छापखान्यात पांढरा रंग नसतो. हे ऐकून मावशी चकितच झाली. चार शाया असतात, निळी, गुलाबी, पिवळी आणि काळी. बाकी सगळे रंग त्यांच्या बारीक ठिपक्यांतून होतात. पांढरं म्हणजे जिथं काहीच छापलं नाही तो कोरा कागद. मावशी आधी गेरू लावते आणि त्यावर पांढरं काढते. यंत्र उलटं करतं, पांढऱ्या रेघा सोडून देतं आणि भोवती गेरू भरतं. ती म्हणाली, "म्हणजे माही रेघ तं रिकामीच." त्यामुळे रेघ फार बारीक असेल तर शाई दोन्ही बाजूंनी सरकून ती बुजते. पहिल्या प्रूफात कुड्याच्या फुलांच्या पाकळ्या अशाच बुजल्या होत्या. तिनं त्या जाड करून पुन्हा काढल्या.

गेरूचा रंगही मोबाइलवर छान तांबूस आणि कागदावर काळपट आला. मोबाइलचा रंग उजेडाचा असतो, कागदाचा शाईचा, दोन्ही सारखे कधीच दिसत नाहीत. म्हणून प्रूफ हातात घेऊन, दारात उभं राहून, उन्हात पाहिल्याशिवाय होकार देऊ नका. आम्ही मूठभर गेरूच कागदात बांधून प्रेसवर पाठवला होता, "हा रंग पाहिजे" म्हणून. तो माणूस हसला, पण रंग जुळवून दिला.

दुसरी चूक आमचीच. मावशीनं चारी बाजूंनी काठ काढला होता, साडीला असतो तसा, अगदी कडेला. छापल्यावर गठ्ठा मशीनमध्ये कापतात आणि कापताना थोडं इकडं-तिकडं होतंच. काठ एका बाजूला उडाला. ब्लाउज शिवताना आपण माया सोडतो ना, तशी चित्रालाही सोडावी लागते. चित्राचा रंग कापायच्या रेघेच्या बाहेर तीन मिलिमीटर तरी जायला हवा आणि महत्त्वाचं सगळं त्या रेघेच्या बरंच आत. शिवणकामाच्या बायांना हे एका मिनिटात कळलं, आम्हा हिशेब ठेवणाऱ्यांना उशिरा.

आमची पुस्तिका ४८ पानांची, मधोमध पिना मारलेली. अशा पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात, आणि तिला पाठ नसते, म्हणजे कपाटात उभी ठेवली तर नाव दिसत नाही. जाड पुस्तकाला पाठ असते, तिथं नाव येतं. जुन्या पुठ्ठ्याच्या पुस्तकांना वरून एक सुटं वेष्टणही असायचं, दोन्ही बाजूंनी आत दुमडलेलं. पोरांच्या पुस्तकाला आपण खाकी कव्हर घालतो तसं, धुळीपासून राखायला. पुढं त्यावरच चित्रं आली. अजूनही काही प्रकाशक तसं करतात, पण खर्च वाढतो. आमच्याकडे जाड चकचकीत कार्ड आणि वरून प्लास्टिकचा पातळ थर, एवढंच. तो थर लावाच. तेलाच्या हातानं धरायचं पुस्तक आहे.

कागद निवडताना मनात आलं ते सांगतो. वर्धा नदी ओलांडली की बल्लारपूर, आणि तिथली पेपर मिल १९४५ सालापासूनची. आपल्या जंगलातला किती बांबू त्या बाजूला गेला, हे आपल्या आजोबांना विचारावं. बांबू इथून गेला, कागद झाला, त्यावर पुस्तकं छापली गेली, आणि त्यांच्या तोंडावर आपण नव्हतो.

आता जे सांगणार आहोत ते सांगायला जरा लाज वाटते. पुस्तिका छापायला द्यायच्या आदल्या दिवशी आत काय लिहायचं ते ठरत होतं. आम्हीच लिहिलं होतं, "मुखपृष्ठ : महिला ग्रामसंघ". सगळ्यांचं काम, सगळ्यांचं नाव, असा आमचा विचार. मावशी गप्प होती. गटातली सगळ्यात धाकटी सून, नुकतीच बारावी झालेली, ती म्हणाली, "ताई, मग त्या पाहुण्यायनं काय वेगळं केलं होतं?"

कोणी काही बोललं नाही. मग ओळ खोडली.

नंतर मावशीचं नाव कसं लिहायचं यावर चर्चा झाली. नवऱ्याचं नाव मधे घालायचं का? आडनाव माहेरचं की सासरचं? तिनं सांगितलं, फक्त माझं नाव आणि गावाचं नाव. तेच छापलं, आत नाही, मागच्या बाहेरच्या पानावर, दिसेल असं. ते नाव आम्ही इथं घेत नाही, कारण तिनंच सांगितलं आहे की रेडिओवर नको, पुस्तकावर आहे तेवढं पुरे.

एक पानाचा कागद केला, साध्या मराठीत. कोणतं चित्र, कोणत्या पुस्तकासाठी, किती प्रती. पैसे किती आणि कधी. तिला दोन हजार दिले, निम्मे आधी. नाव कुठं येणार. चित्राची मालकी तिचीच राहणार. पुन्हा छापायचं झालं किंवा पिशवीवर, कॅलेंडरवर वापरायचं झालं तर परत विचारायचं आणि परत पैसे द्यायचे. कागद दोनदा मोठ्यानं वाचून दाखवला, मग तिनं अंगठा लावला आणि दोघींनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. डिझायनरचंही नाव मांडणीसाठी छापलं. त्यानं मेहनत घेतली होती. परवा त्याचा फोन आला की एका प्रकाशकाला त्यांच्या पुस्तकासाठी असं चित्र हवं आहे, मावशी काढतील का? मावशी म्हणाली, पोळ्यानंतर. आणि म्हणाली, कागद आधी पाठवा म्हणावं.

आम्ही आता ग्रामसंघाच्या कार्यालयात एक नमुन्यांची वही ठेवली आहे. कोणी भिंतीवर, अंगणात, गोधडीवर काही काढलं की त्याचा फोटो चिकटवायचा, खाली नाव, गाव, तारीख आणि दोघींच्या सह्या. सारवलं तरी वहीत राहतं, आणि कोणी विचारलं तर दाखवायला असतं. आत्तापर्यंत एकवीस पानं भरली आहेत. पोळ्याच्या आधी भिंती सारवाल, त्याच्याआधी जुनं चित्र पुसू नका. कोणाच्या मोबाइलवर फोटो काढा आणि बाजाराच्या दिवशी येताना घेऊन या. मोबाइल नसेल तर निरोप धाडा, आमच्यातली एक जण येईल.

नमस्कार.